आधी आवाज, मग बाहुल्या

प्रश्न : आम्ही वसईचे चौघं मित्र. यंदा नाताळला गावातल्या लहान मुलांसाठी दहा मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म (बाहुल्या जराशा हलवत एकेक फोटो काढून केलेली) करायचं ठरवलंय. तयारी म्हणून जुने ख्रिसमस स्पेशल, म्हणजे टीव्हीवरचे नाताळचे खास कार्यक्रम, बघितले : रूडॉल्फ, चार्ली ब्राउन, ग्रिंच आणि ब्रिटिश स्नोमॅन. खरं सांगायचं तर रूडॉल्फ आणि चार्ली ब्राउनचं ॲनिमेशन आजच्या मानाने फार कच्चं वाटलं. तरी लोक साठ वर्षं दर डिसेंबरला ते बघतात. त्यात नेमकं काय आहे? आम्ही काय उचलावं? आमच्याकडे मोबाइल आणि ट्रायपॉड आहे. सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं तेही सांगा.

उत्तर : सॉफ्टवेअरचं शेवटी सांगते. या सगळ्यात ते सर्वांत कमी महत्त्वाचं आहे.

आधी घरच्या घरी एक प्रयोग करा. चार्ली ब्राउनचा स्पेशल लावा आणि टीव्हीकडे पाठ करून बसा. पंचवीस मिनिटं नुसतं ऐका. दुसऱ्या दिवशी तोच आवाज बंद करून बघा. ऐकलेला कार्यक्रम पुरा वाटेल. बघितलेला पाचव्या मिनिटाला नकोसा होईल. चोवीस वर्षं चित्रं हलवून पोट भरणाऱ्या बाईला हे कबूल करणं जड जातं, पण यांतले बहुतेक कार्यक्रम कानांच्या जोरावर टिकलेत. म्हणून तुम्हीही काही उचलायचं असेल तर आधी तिथून उचला.

रूडॉल्फ, म्हणजे ती चमकत्या लाल नाकाच्या हरणाची गोष्ट, आधी घेते, कारण तुमचं बाहुल्यांचं काम त्याच जातीचं आहे. तो पहिल्यांदा लागला ६ डिसेंबर १९६४ रोजी, एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर. प्रायोजक जनरल इलेक्ट्रिक. करणारे आर्थर रँकिन ज्युनिअर आणि ज्यूल्स बास हे अमेरिकन, पण बाहुल्या हलल्या टोकियोत, तादाहितो मोचिनागा यांच्या स्टुडिओत. मोचिनागा हे फार मोठं प्रकरण आहे. युद्धाच्या काळात ते मंचुरियात गेले, युद्ध संपल्यावर चीनमध्येच राहून तिथल्या मंडळींबरोबर बाहुल्यांची फिल्म केली आणि १९५३ मध्ये जपानला परतले. रूडॉल्फच्या वेळी हरणाची चाल बघायला ते नारा गावातल्या हरणांमध्ये जाऊन आले होते. तुम्ही गाढव किंवा मेंढरू करणार असाल तर हे लक्षात ठेवा. यूट्यूबवरच्या गाढवापेक्षा शेजारचं गाढव बरं.

आता कामाचा क्रम बघा. संवाद आधी कॅनडात, टोरांटोला रेकॉर्ड झाले. आवाज टोकियोला पोचले आणि ज्यांची भाषा इंग्रजी नव्हती अशा कलाकारांनी ते ऐकून बाहुल्या हलवल्या. शब्दाचा अर्थ एक वेळ कळला नसेल, पण कुठे जोर आहे, कुठे श्वास घेतलाय, कुठे माणूस अडखळलाय हे टेपवर होतं. अर्धा अभिनय पार्सलने आला होता म्हणा ना.

आमच्या धंद्यात यासाठी एक्स-शीट असते. कागदावर आडव्या ओळी, एक ओळ म्हणजे एक फ्रेम, पडद्यावरचं एक चित्र. आवाज फ्रेम-फ्रेम पुढे सरकवत ऐकायचा आणि कुठलं अक्षर कुठे पडलं ते लिहायचं. समजा तुमच्या फिल्ममधलं पोर झोपेतून उठून ‘आई’ म्हणतंय. कागदावर तो दोन अक्षरांचा शब्द आहे. पण पोराने तो ताणला, तर ‘आ’ वीस फ्रेम चालतो, ‘ई’ चार फ्रेममध्ये संपतो आणि नंतर सहा फ्रेम नुसता श्वास. मान कधी वळवायची, डोळे कधी चोळायचे, हे सगळं त्या तीस फ्रेमनी ठरवून दिलेलं असतं. तुम्हाला वेगळं सुचावं लागत नाही.

रूडॉल्फचं नाक पेटतं तेव्हा एक बारीक, कानात घुसणारा सूर वाजतो, आठवतोय? बाहुलीच्या नाकात खराच इवलासा दिवा होता. त्या दिव्याने पडद्यावर फारसं काही होत नाही. पण तो सूर वाजला की आपण दचकतो, म्हणून बाकीची हरणं दचकतात ते पटतं. तुमच्या फिल्ममध्ये तारा चमकणार असेलच (नाताळची फिल्म, तारा नसेल तर चर्चमधली पोरं विचारतील), तेव्हा तो दिसतो कसा यावर चार दिवस घालवाल तर वाजतो कसा यावर एक तरी घालवा.

रूडॉल्फमध्ये निवेदन करणारा तो बर्फाचा माणूस म्हणजे बर्ल आइव्ह्ज, लोकगीतं गाणारे. ते या कामात उशिरा आले. सोन्याचांदीवरचं गाणं आधी युकॉन कॉर्नेलियस या सोनं शोधणाऱ्या पात्राच्या तोंडी होतं, ते काढून त्यांना दिलं. आवाज चांगला मिळाला तर फिल्मची मांडणी बदलायची तयारी असावी लागते, ती अशी.

जाता जाता या स्पेशलच्या दोन चुका सांगते, धीर येईल. नावांच्या पाटीवर रोमन आकड्यांत साल लिहिताना एक अक्षर गळलं आणि १९६४ चं झालं ११६४. ते तसंच राहिलं. दुसरी चूक मोठी. नको असलेल्या खेळण्यांचं बेट दाखवलं, सांता त्यांना न्यायला येईल असं वचन दिलं, आणि शेवटी सांता तिकडे गेलाच नाही. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, तेव्हा १९६५ मध्ये खेळण्यांना घेऊन जाण्याचा तुकडा नव्याने करून जोडला. झटके खाणाऱ्या हालचालीबद्दल पत्रं आली नाहीत. दिलेला शब्द मोडला म्हणून आली. मुलं काय मोजतात ते यावरून समजा. बाहुल्यांपैकी बहुतेक हरवल्या, खराब झाल्या. रूडॉल्फ आणि सांता अशा दोन वाचल्या. २०२० मध्ये त्यांचा लिलाव झाला, ३ लाख ६८ हजार डॉलरला. रूडॉल्फचं नाक तेव्हाही पेटत होतं. तेव्हा तुमच्या बाहुल्या जानेवारीत माळ्यावर फेकू नका.

चार्ली ब्राउनवर मी जरा जास्त बोलणार आहे. ९ डिसेंबर १९६५, सीबीएस वाहिनी, प्रायोजक कोका-कोला. सहा-एक महिन्यांत केलेलं काम आहे आणि ते दिसतं. त्या मरतुकड्या झाडाच्या फांद्या सुद्धा सारख्या राहत नाहीत. निर्माते ली मेंडेलसन, दिग्दर्शक बिल मेलेंडेझ, लेखन अर्थात मूळ चित्रमालिका काढणाऱ्या चार्ल्स शुल्झ यांचं. तेव्हा कार्टूनमधल्या मुलांचे आवाज सहसा मोठी माणसं काढायची. यांनी खरी मुलं आणली. सॅलीचा, म्हणजे चार्लीच्या धाकट्या बहिणीचा, आवाज देणारी कॅथी स्टाइनबर्ग इतकी लहान होती की तिला वाचता येत नव्हतं. मग एकेक तुकडा तिला बोलून दाखवायचा, तिने तसा म्हणायचा, आणि नंतर टेपचे तुकडे जोडायचे. म्हणून सॅली बोलते तेव्हा वाक्य मधेच थबकतं, भलत्याच शब्दावर जोर पडतो. शाळेच्या बाईंनी मार्क कापले असते. पण सहा वर्षांची पोरगी मोठ्या माणसासारखं बोलायला गेली की अशीच बोलते. स्नूपी कुत्र्याचा आवाज मेलेंडेझनी स्वतः काढला : तोंडाने काहीबाही बडबड केली आणि टेप वेगात फिरवली. गाण्यांना सॅन राफेल गावातल्या एका चर्चची मुलं आणली. ती मुलांसारखी गातात, कसलेल्या गायकांसारखी नाही, आणि तसंच ठेवलंय.

संगीत विन्स ग्वाराल्डी यांचं. मेंडेलसननी त्यांचा पियानो ऐकला तो टॅक्सीच्या रेडिओवर, गोल्डन गेट पुलावरून जाताना. मुलांच्या ख्रिसमसच्या कार्टूनला जॅझ लावणं त्या काळी कुणाच्या डोक्यात आलं नसतं. वाहिनीच्या साहेबांना ते रुचलं नाही, कार्यक्रमाची गती तर त्याहून रुचली नाही. शिवाय तेव्हा विनोदी कार्यक्रमांत डब्यातलं, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं, हसू भरायची पद्धत होती. मेंडेलसननी तसं सुचवून बघितलं, तर शुल्झ उठून खोलीबाहेर गेले. विषय संपला.

आता तो लायनसचा, चार्लीच्या पांघरूणवाल्या मित्राचा, प्रसंग पुन्हा लावा. नाटकाच्या तालमीचा गोंधळ चाललाय. चार्ली ब्राउन वैतागून विचारतो, ख्रिसमस म्हणजे काय हे कुणाला ठाऊक आहे का? लायनस रंगमंचाच्या मधोमध येतो, दिवे लावायला सांगतो आणि बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळांचा उतारा म्हणायला लागतो. मागे पियानो नाही, काही नाही. एक मुलगा उभा आहे आणि त्याचं तोंड हलतंय. आमच्या हिशेबात हे फुकटचं ॲनिमेशन : एक शरीर, बदलायला फक्त तोंडं. आणि अख्ख्या कार्यक्रमातली सर्वांत वजनदार जागा तीच. देवदूताचे ‘भिऊ नका’ हे शब्द येतात तेव्हा, जे पांघरूण तो जन्मात सोडत नाही, ते त्याच्या हातून सुटतं. कुणी त्यावर बोलत नाही, कॅमेरा जवळ जात नाही. पहिल्या चार-पाच वेळा मला ते दिसलंही नव्हतं, आणि हे मी व्यवसायाने बघते.

हा कार्यक्रम पडणार असं वाहिनीला वाटत होतं. त्या रात्री चालू असलेल्या टीव्हींपैकी जवळजवळ निम्म्यांवर तो होता. पुढे एमी आणि पीबॉडी हे टीव्हीचे मोठे पुरस्कार मिळाले.

ग्रिंच, म्हणजे नाताळ चोरायला निघालेल्या दुष्टाची गोष्ट, माझ्या म्हणण्याला अपवाद आहे, तो लपवणार नाही. १८ डिसेंबर १९६६, पुन्हा सीबीएस. चार्ली ब्राउन एक लाख डॉलरच्या आत झाला होता, ग्रिंचला तीन लाखांच्या वर लागले, आणि दिग्दर्शक चक जोन्स यांनी पैसा न् पैसा पडद्यावर आणला. दुष्ट कल्पना सुचते तेव्हा ग्रिंचचं हसू गालावरून कसं वळत वळत वर चढतं ते थांबवून थांबवून बघा. तसं हसू मला आजही काढता येत नाही. डॉक्टर स्यूस यांचं मूळ पुस्तक मोठ्याने वाचलं तर जेमतेम बारा मिनिटांचं. उरलेला वेळ भरायला गाणी वाढवली आणि ग्रिंचच्या मॅक्स कुत्र्याचं काम वाढवलं. गंमत म्हणजे त्या वाढवलेल्या कामामुळेच तो कुत्रा आपल्याला आवडतो. पण तिथेही डोळे मिटून बघा : बोरिस कार्लोफ निवेदन करतात आणि ग्रिंचही तेच बोलतात. एकच म्हातारा आवाज, दोन माणसं. ज्यांना जगाने फ्रँकेनस्टाइनचा राक्षस म्हणून ओळखलं ते आजोबांच्या मायेने गोष्ट सांगतायत. गाणं मात्र थर्ल रेव्हन्सक्रॉफ्ट यांचं. श्रेयनामावलीत त्यांचं नावच राहून गेलं, लोकांना वाटलं कार्लोफच गातायत. डॉक्टर स्यूसना वर्तमानपत्रांना पत्रं लिहून खुलासा करावा लागला.

हेच पुन्हा स्नोमॅनमध्ये झालं. २६ डिसेंबर १९८२, ब्रिटनची चॅनल फोर. वाहिनी सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. रेमंड ब्रिग्ज यांचं १९७८ चं शब्दांवाचूनचं चित्रपुस्तक, दिग्दर्शन डायॅन जॅक्सन. सुरुवातीचं चार ओळींचं निवेदन सोडलं तर एक शब्द नाही. सगळा भार हॉवर्ड ब्लेक यांच्या संगीतावर, आणि मधोमध ते एकच गाणं, पीटर ऑटी नावाच्या मुलाने गायलेलं. घाईत त्याचं नाव पडद्यावर गेलं नाही. १९८५ मध्ये त्याच गाण्याची तबकडी निघायची वेळ आली तोवर पीटरचा आवाज फुटला होता, ती अलेड जोन्सने गायली, आणि आजही निम्म्या लोकांना वाटतं की फिल्ममध्येही तोच आहे. सगळा डोलारा आवाजावर उभा आणि आवाजवाल्यांचीच नावं राहून जातात. तुम्ही तरी आवाज देणाऱ्या मुलांची नावं पाटीवर पहिली टाका. आईबाप ती पाटी मोबाइलवर फोटो काढून ठेवतील.

स्नोमॅनच्या चित्रांचं एक सांगायलाच हवं. त्यात रंग सपाट भरलेला नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर रंगीत खडूने छटा दिल्यात, प्रत्येक चित्रावर हाताने, नव्याने. दोन चित्रांतल्या खडूच्या रेघा तंतोतंत जुळणं शक्यच नसतं, त्यामुळे बर्फाचा माणूस नुसता उभा असला तरी त्याचं अंग सतत शहारत असतं. याला आम्ही ‘बॉइल’ म्हणतो, उकळणं. एरवी तो दोष. इथे असं वाटतं की हा फार वेळ टिकणारा नाही. सकाळी तो वितळलेला असतो. मुलगा खिशात हात घालतो तर फादर ख्रिसमसने दिलेला मफलर तिथे आहे. गुडघ्यावर बसतो. संपलं. कुणी येऊन समजूत घालत नाही. फादर ख्रिसमस पुस्तकात नव्हता, फिल्मसाठी आणला. पण शेवट मात्र गोड केला नाही.

हे दूरचं वाटत असेल तर घरातलं घ्या. फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ केली, विजया मुळे यांची. तुमच्या आईवडिलांना तिच्याबद्दल विचारा. आधी गाणं म्हणतील. चित्रात काय होतं विचारलंत तर चिमण्या, जाळं, एवढंच सांगतील. दीदीचा फ्रॉक कुठल्या रंगाचा, ते आठवणार नाही. संगीत वसंत देसाईंचं होतं हे मात्र कुणी सांगत नाही, तेवढं तुम्ही सांगा.

आता माझी फजिती, म्हणजे तुमची टळेल. पुण्यातल्या एका स्टुडिओत आम्ही परदेशी वाहिनीसाठी सात मिनिटांची ख्रिसमसची गोष्ट करत होतो. माझ्याकडे आजीचं पात्र. खरे आवाज यायला उशीर होता, तारीख डोक्यावर होती, म्हणून ऑफिसातल्या माणसांकडून कच्चा ट्रॅक भरून घेतला. आजी झाले आमच्या अकाउंट्सचे गृहस्थ. ते पगाराच्या स्लिपा वाचल्यासारखे भराभर बोलले. मी त्यावर तीन आठवडे आजी हलवली, चांगली हलवली. मग खरा आवाज आला, एका ऐंशीच्या पुढच्या बाईंचा. त्या दोन शब्द बोलायच्या, थांबायच्या, घोट गिळायच्या, पुढचा शब्द शोधायच्या. ज्या वाक्याला मी साठ फ्रेम दिल्या होत्या त्याला एकशे दहा लागत होत्या. तोंड मिटून आजी चुलीकडे वळली तरी आवाज चाललेलाच. आणि तो आवाज इतका सुंदर होता की कापा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. माझे तीन आठवडे कापले.

त्यातून सुटलो कसे, तर आजीला पाठमोरी केली. अर्ध्या वाक्यांना ती चुलीपुढे बसून बोलते, तोंड दिसतच नाही, फक्त खांदे हलतात आणि मधेच हात थांबतो. नंतर बघितलं तर फिल्ममधला सगळ्यात बरा भाग तोच निघाला. तुम्हालाही हीच युक्ती सांगते. लिप-सिंक, म्हणजे आवाजाबरहुकूम ओठ हलवणं, हे सर्वांत वेळखाऊ काम आहे, तुमचे निम्मे दिवस गिळेल. पात्रं पाठमोरी बसवा, मफलरमागे तोंड लपवा, दाराआडून बोलू द्या. जिथे तोंड दिसायलाच हवं तिथे मिटलेलं, अर्धं उघडं आणि पूर्ण उघडं अशा तीन चकत्या करून बदलत राहा. मुलांना पुरतं.

पण सगळ्यात आधी लांबी कमी करा. हिशोब साधा आहे. सेकंदाला चोवीस फ्रेम, एक फोटो दोन फ्रेम धरायचा, म्हणजे सेकंदाला बारा फोटो. दहा मिनिटांचे झाले ७,२००. नवख्या हातांनी दिवसभरात पाच सेकंद नीट निघाले तर फार झालं. दहा मिनिटांना १२० दिवस, तेही एकही दिवस न चुकता. तुमच्यातले दोघं नोकरी करत असतील, पावसात वीज जाईल, ऑगस्टमध्ये कुणाचं तरी लग्न ठरेल. चार मिनिटांची करा. ४८ दिवस. ते जमेल.

रेकॉर्डिंग सुट्टीच्या दुपारी, बंद खोलीत. पंखा बंद, फ्रिज बंद, भिंतीला गोधड्या टांगा. वर पत्रे असतील तर पाऊस उघडल्याशिवाय बसूच नका. मोबाइल चालेल, पण बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला. कागद मुलांच्या हातात देऊ नका. कागद दिसला की आपली मुलं वक्तृत्व स्पर्धेत शिरतात. गेल्या हिवाळ्यात माझ्याकडे आठ वर्षांची एक मुलगी आली होती. वाक्य एवढंच : ‘आजी, तो आला नाही तर?’ तिने ते अकरा वेळा म्हटलं, अकराही वेळा हात वर करून, शेवटचा शब्द खेचून. मग मी कागद काढून घेतला, तिला खालच्या गादीवर आडवं व्हायला सांगितलं, दिवा घालवला आणि म्हटलं, आता मला जागं ठेव. थोड्या वेळाने तिने अंधारात ते वाक्य म्हटलं, मधे जांभई आली, ‘तर’ ऐकूच आलं नाही नीट. तोच टेक घेतला.

भाषा पुस्तकी नको. तुमच्या घरी सामवेदी बोलत असतील तर आजी सामवेदीतच बोलू दे, वाडवळी असेल तर वाडवळीत. मुलांना प्रत्येक शब्द कळला नाही तरी आजी ओळखीची वाटेल. गाणं मात्र सांभाळून निवडा. रूडॉल्फचं गाणं जॉनी मार्क्स यांचं, १९४९ चं, स्वामित्वहक्काखाली आहे. सालाच्या त्या चुकीवरून तो स्पेशल कुणीही वापरावा असं इंटरनेटवर वाचाल, त्याच्या नादी लागू नका. गाण्याचे आणि पात्राचे हक्क वेगळे असतात. ‘सायलेंट नाइट’ची मूळ चाल ऑस्ट्रियातली, १८१८ ची, ती मोकळी आहे. त्याहून बरं म्हणजे तुमच्या चर्चमधल्या एखाद्या पोराला नुसतं गुणगुणायला लावा. सुरात नसेल तरी राहू द्या.

बर्फ हवाच का, याचा विचार करा. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यावर कापूस लावतो तसा सेटवर लावलात तर पस्तावाल. प्रत्येक फोटोला हात लागतो, तंतू हलतात आणि पडद्यावर जमीन वळवळते. मीठ वापरतात, पण वसईच्या हवेत ते संध्याकाळपर्यंत ओलं होईल. रव्याला मुंग्या. हे तिन्ही मी करून बघितलंय. तुमच्याकडच्या डिसेंबरात पेंढा आहे, पहाटेचं धुकं आहे, आकाशकंदिलासारखे दारोदार टांगलेले तारे आहेत, ते दाखवा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात : खिडकीला काळा कपडा, एलईडीचे दोन दिवे, मोबाइलचा फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. नाहीतर चित्र लुकलुकेल. ट्रायपॉडचे पाय जमिनीला चिकटपट्टीने बांधा. फोटो काढणाऱ्याने गडद कपडे घालावेत. पांढरा शर्ट घालून पुढेमागे झालात की सेटवरचा उजेड बदलतो. मातीच्या बाहुल्या दिव्याखाली मऊ पडतात, मान आतून तारेवर असू द्या.

दाखवण्याबद्दल एक विनंती. हे स्पेशल टिकले त्यात वर्षातून एकदाच लागण्याचा वाटा मोठा आहे. स्वीडनमध्ये १९६० पासून २४ डिसेंबरला दुपारी तीन वाजता डोनाल्ड डकचा तोच तो कार्यक्रम लागतो, आणि अख्खी कुटुंबं निवेदकाबरोबर वाक्यं म्हणतात. तुमची फिल्म लगेच यूट्यूबवर टाकून तिचा चोथा करू नका. या नाताळला गोठ्यापाशी चादर बांधून दाखवा. पुढच्या वर्षी पुन्हा तीच.

सॉफ्टवेअर : फोटोंसाठी मोबाइलवरचं स्टॉप मोशन स्टुडिओ पुरे. मागचा फोटो पुसट दिसायची सोय त्यात आहे, तेवढीच तुम्हाला लागते. ड्रॅगनफ्रेम उत्तम, पण आत्ता पैसे घालवू नका. आवाजाला ऑडॅसिटी, ते फुकट आहे. तुमचं पहिलं काम तिथेच. चार मिनिटांचा आवाज आधी पुरा जोडा, श्वास आणि शांतता धरून, आणि ज्याने गोष्ट ऐकलेली नाही अशा एखाद्या पोराला अंधारात ऐकवा. ते मधे उठून पाणी प्यायला कुठे गेलं, त्या जागेची वेळ लिहून ठेवा. ती फाइल मला पाठवलीत तर ऐकेन. बाहुल्यांचे फोटो इतक्यात नकोत.